कानाची साक्ष

१९७० नंतरच्या दहा वर्षांत मुख्यतः अमेरिकेच्या बाजारासाठीं जे स्टीरिओ रिसीव्हर तयार झाले ते आज पुन्हां मोलाला चढले आहेत. वीसपंचवीस वर्षांपूर्वीं ज्या पेट्या अडगळीच्या खोलींत धूळ खात पडल्या होत्या त्या आतां दिवाणखान्यांत मानानें येऊन बसतात, आणि त्यांच्याबरोबर एक वादहि घरांत शिरतो. मॅरँट्झ चांगला कीं पायोनियर? सॅन्सुईचा आवाज अधिक भरदार कीं केनवुडचा? हा वाद घालणारे लोक अडाणी नाहींत. ते डॉक्टर आहेत, वकील आहेत, आमच्यासारखे मास्तरहि त्यांत आहेत. अमक्याचा आवाज 'उबदार', तमक्याचा 'कोरडा', तिसऱ्याचा खर्ज 'गोल' असे निवाडे ते इतक्या खात्रीनें देतात कीं उच्च न्यायालयालाहि त्यांचा हेवा वाटावा. या निवाड्यांत कानाची साक्ष किती, आणि डोळ्यांची, नांवाची व किंमतीची साक्ष किती, हा प्रश्न केवळ शौकिनांचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्याला आनंद कशापासून होतो हें आपलें आपल्याला तरी कळतें काय, आणि तो आनंद आपण दुसऱ्याला सांगूं लागतों तेव्हां नेमकें काय सांगतों, असे दोन जुने प्रश्न या पेट्यांनीं पुन्हां पुढें आणले आहेत.

ज्या वाचकांचा या वस्तूशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. रिसीव्हर म्हणजे एका पेटींत नांदणारें एकत्र कुटुंब. रेडिओचे तरंग पकडणारा एक भाग, तबकडीच्या सुईकडून येणारा अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह वाढविणारा दुसरा, आणि त्या प्रवाहाला दोन स्पीकर हालविण्याइतकें बळ देणारा तिसरा, असे तिघे भाऊ त्यांत एका छपराखालीं राहतात. दोन कानांसाठीं दोन स्वतंत्र ध्वनिमार्ग ठेवण्याची कल्पना ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनियरानें १९३१ सालीं पेटंटासाठीं मांडली. तशा तबकड्या सर्रास बाजारांत येण्यास १९५८ साल उजाडलें, आणि अमेरिकेंत रेडिओवरून तसें प्रक्षेपण करण्याची परवानगी १९६१ सालीं मिळाली. त्यानंतर या पेट्यांना भरती आली. न्यूयॉर्कचे सॉल मॅरँट्झ व एव्हरी फिशर यांनीं आरंभीं जीं यंत्रें केलीं तीं कांचेच्या व्हॉल्व्हांचीं होतीं. पुढें ट्रान्झिस्टर आले, मॅरँट्झची संस्था १९६४ सालीं सुपरस्कोप कंपनीकडे गेली, आणि थोड्याच वर्षांत या धंद्याचा मध्यबिंदु जपानकडे सरकला. १९३८ सालीं स्थापन होऊन स्पीकरांपासून पुढें आलेली पायोनियर, ट्रान्स्फॉर्मर करतां करतां ध्वनियंत्रांकडे वळलेली सॅन्सुई, आणि अशाच दुसऱ्या कांहीं कंपन्या यांनीं मग जी चढाओढ मांडली तिचें हत्यार होतें वॅट.

वॅटची ही कथा मोठी बोधप्रद आहे. प्रथम प्रथम यंत्राच्या शक्तीचे आंकडे छापण्यांत फार लबाडी माजली होती. क्षणभर उसळणारी शक्ति हीच त्याची नित्याची शक्ति म्हणून सांगावी, दोन्ही बाजूंची बेरीज करून ती एकच म्हणून मिरवावी, असे प्रकार चालत. म्हणून १९७४ सालीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें नियम केला: जो आंकडा छापावयाचा तो सतत चालणाऱ्या शक्तीचा असावा, कोणत्या कंपनसंख्येपासून कोणत्या कंपनसंख्येपर्यंत व किती विकृतीसह तें स्पष्ट लिहावें, आणि मोजमापापूर्वीं यंत्र एक तृतीयांश शक्तीवर तासभर चालवून तापवून घ्यावें. या शेवटच्या कलमानें कारखानदारांच्या तोंडचें पाणी पळालें असावें, कारण त्या पातळीवर अशीं यंत्रें फारच तापतात. परिणाम असा झाला कीं उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंखे मोठे झाले, ट्रान्स्फॉर्मर जड झाले, आणि आंकडा खरा सांगावयाचा आहे तर तो मोठाच कां सांगूं नये, अशी ईर्षा उत्पन्न झाली. दशकाच्या आरंभीं मॅरँट्झचा २२७० हा प्रत्येक बाजूस ७० वॅटचा रिसीव्हर मोठा गणला जाई. पुढें सॅन्सुईचा ९०९० आला तो ११० वॅटचा. १९७६ सालीं पायोनियरनें १६० वॅटचा एसएक्स-१२५० काढला, आणि १९७८ सालीं २७० वॅटचा एसएक्स-१९८०. याचें वजन सुमारें ३५ किलो, म्हणजे एका अकराबारा वर्षांच्या मुलाएवढें! सत्य सांगण्याचा कायदा करावा आणि त्यांतून अहंकार जन्मास यावा, हें मनुष्यस्वभावाला धरूनच झालें.

आतां कान या आंकड्यांना काय म्हणतो तें पाहा. शक्ति दुप्पट केली असतां आवाजांत फक्त तीन डेसिबलची भर पडते. तोच आवाज ऐकणाऱ्याला दुप्पट मोठा वाटावयाचा असेल तर शक्ति दसपट करावी लागते. साधारण स्पीकरला एक वॅट दिला तर मीटरभर अंतरावर नव्वद डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो, आणि तेवढा आवाज आमच्याकडच्या फ्लॅटांत केला तर वरच्या व खालच्या दोन्ही मजल्यांवरून निरोप येतात. तबल्याची एखादी थाप क्षणभर याच्या पुष्कळपट शक्ति मागते हें खरें. तरीहि ४५ वॅटचा व ५५ वॅटचा यांत कानाला एक डेसिबलहि भेद नाहीं. असें असून लोक या दोन आंकड्यांची तुलना पत्रिकेंतले गुण जुळवावे तशा गांभीर्यानें करतात. ज्यांनीं पत्रिका जुळवून संसार केले त्यांना त्या गुणांचा पुढें किती उपयोग झाला हें ठाऊकच आहे.

वॅट बाजूला ठेवले तर शौकीन म्हणतो कीं, आपल्याला शक्ति नको, इमान हवें. यंत्र मूळ ध्वनीशीं एकनिष्ठ असावें. शब्द मोठा आहे, पण मूळ म्हणजे कोणतें? उस्ताद अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या मागें राहिल्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, एकाच ध्वनिमार्गाच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या. या तबकड्या कापतांना खर्जाचें व टिपेचें प्रमाण प्रत्येक कंपनी आपल्या मताप्रमाणें ठेवीत असे. १९७० नंतरच्या रिसीव्हरांत तबकडीचा जो भाग असतो तो मात्र १९५४ च्या सुमारास रूढ झालेल्या एकाच मापाला बांधलेला. तेव्हां खांसाहेबांची तबकडी योग्य त्या जाड सुईनें या यंत्रावर लावली आणि स्वर बदलणाऱ्या सर्व खुंट्या 'सरळ' ठेवल्या, तर जो आवाज निघतो तो टिपेकडे दबलेला असतो. टिपेची खुंटी जरा वर केल्यावांचून खांसाहेब खांसाहेबांसारखे लागत नाहींत. म्हणजे येथें यंत्राचा सरळपणा हाच गायकाशीं द्रोह, आणि जी ढवळाढवळ शुद्धतावादी निषिद्ध मानतो तीच सेवा!

तशीच दुसरी एक कळ या पेट्यांवर असते. तिला 'लाउडनेस' म्हणतात. फ्लेचर व मन्सन या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं असें दाखवून दिलें कीं, आवाज हळू केला असतां मनुष्याच्या कानाला इतर स्वरांच्या मानानें खर्ज फारच कमी ऐकूं येऊं लागतो. ही कळ दाबली कीं यंत्र तेवढा खर्ज वाढवून देतें. आतां रात्रीं मुलें निजल्यावर हळू आवाजांत गाणें लावणाऱ्या गृहस्थानें ही कळ दाबावी कीं न दाबावी? न दाबली तर तो तारेंतून येणाऱ्या प्रवाहाशीं इमानदार. दाबली तर आपल्या कानाशीं. एव्हरी फिशर यांनीं रिसीव्हरांच्या धंद्यांत मिळविलेल्या संपत्तींतून १९७३ सालीं न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक सभागृहाला १ कोटि ५ लक्ष डॉलर दिले व सभागृहाला त्यांचें नांव लागलें. परंतु त्या सभागृहांत ध्वनि चांगला उमटत नाहीं ही ओरड १९६२ सालीं तें उघडल्यापासूनच चालू होती. १९७६ सालीं त्याचा अंतर्भाग पाडून नवा बांधला, तरी समाधान झालें नाहीं, आणि २०२२ सालीं पुन्हां तेंच करावें लागलें, तोंवर नांवहि बदललें होतें. घरोघर 'सभागृहांतला खरा ध्वनि' नेऊन पोंचविणाऱ्या मनुष्याच्या नांवाचें सभागृहच खरा ध्वनि शोधीत होतें. मूळ ध्वनि म्हणून कोठें एक सोन्याची मूर्ति ठेवलेली आहे आणि सर्व यंत्रें तिच्या कमीअधिक चांगल्या प्रतिकृति आहेत, ही कल्पनाच त्यामुळें आम्हांस भाबडी वाटते.

तथापि मूळ अनिश्चित आहे म्हणून तुलनाच अशक्य, असें म्हणून सुटतां येत नाहीं. दोन यंत्रांत कानाला भेद कळतो किंवा नाहीं, एवढें तरी तपासून पाहतां येईल. या तपासणींत फसगत कशी होते याचा उत्तम दाखला एडिसनच्या कंपनीनें घालून दिला आहे. १९१५ पासून सुमारें दहा वर्षें या कंपनीनें अमेरिकेंत गांवोगांव जलसे केले. रंगमंचावर गायिका व तिच्या शेजारीं फोनोग्राफ. दिवे मालवावयाचे, आणि गाते आहे ती बाई कीं तबकडी हें श्रोत्यांनीं ओळखावयाचें. हजारों लोक फसले. त्यांतली मौज अशी कीं, गायिका आपला आवाज बेतानें यंत्राच्या आवाजाला जुळवून घेत. श्रोते समजत होते कीं यंत्र माणसाची परीक्षा देत आहे; वस्तुतः माणूस यंत्राची नक्कल करीत होता.

प्रामाणिक तपासणीचे नियम त्यानंतरच्या लोकांनीं अधिक कडक केले. दोन्ही यंत्रांचा आवाज मापकानें अगदीं सारखा करावा, कारण किंचित् मोठा आवाज मनुष्याला मोठा न वाटतां चांगला वाटतो. कोणतें यंत्र चालू आहे हें ऐकणाऱ्याला कळतां कामा नये. बदल क्षणांत व्हावा. या पद्धतीनें अमेरिकेच्या 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकानें १९८७ सालीं बरेच श्रोते बसवून स्वस्त व अतिमहाग अशा यंत्रांची परीक्षा घेतली. समुदाय या दृष्टीनें श्रोत्यांना तीं यंत्रें भरंवशानें ओळखतां आलीं नाहींत. आमच्या न्यायशास्त्रकारांना याचें नवल वाटलें नसतें. गौतमानें प्रत्यक्ष ज्ञानाला ज्या अटी घातल्या त्यांत तें 'अव्यभिचारी' असावें ही एक आणि 'अव्यपदेश्य' असावें ही दुसरी. या दुसऱ्या शब्दावर टीकाकारांनीं पुष्कळ वाद केला आहे, परंतु वात्स्यायनाच्या भाष्याचा रोख असा दिसतो कीं, वस्तूच्या नांवाच्या आधारानें झालेलें ज्ञान आणि इंद्रियाचें ज्ञान हीं एक नव्हेत. रिसीव्हरावर फडकें टाकून त्याचें नांव झांकणारा मनुष्य नकळत या सूत्राचेंच पालन करीत असतो.

असा एक प्रयोग आम्हीं आमच्या घरीं तिघां मित्रांसमवेत केला. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे रिसीव्हर होते. नांवें सांगण्याची जरुरी नाहीं. आवाज मापून सारखे केले, दोन्ही पेट्यांवर चादर टाकली, आणि कळ फिरविण्याचें काम आमच्या कन्येकडे दिलें, कारण तिला या विषयाचा मनापासून कंटाळा आहे. त्यांतला एक रिसीव्हर ज्या मित्राचा होता त्याची खात्री अशी कीं, आपण आपला आवाज झोंपेंतहि ओळखूं. नाणें उडवून जितकीं उत्तरें बरोबर आलीं असतीं तितकींच त्याचीं आलीं. त्यानंतर तो बराच वेळ बोलला नाहीं. तो रिसीव्हर त्याच्या थोरल्या भावानें बोटीवरच्या नोकरींतून आणलेला. भाऊ आज हयात नाहीं. शेवटीं तो म्हणाला, "अण्णा तीस वर्षांपूर्वीं गेला. तेव्हांपासून रोज रात्रीं मी हा लावतों. मग इतकीं वर्षें मी काय ऐकत होतों?"

आम्हांस हा प्रश्न गंमतीचा वाटला नाहीं. प्लेटोच्या 'फिलीबस' या संवादांत सुख खोटें असूं शकतें काय, याची चर्चा आहे. सॉक्रेटिसाचें म्हणणें असें कीं, खोट्या समजुतीवर उभें राहिलेलें सुखहि खोटेंच. त्याचा तरुण प्रतिपक्षी प्रोटार्कस उत्तर देतो कीं, समजूत खोटी असेल, तिला खुशाल खोटी म्हणा. सुखाला खोटें कोण म्हणेल? या वादांत आमचें मत प्रोटार्कसाकडे आहे. दोरीवर साप दिसला आणि मनुष्य घामाघूम झाला. साप मिथ्या, पण घाम खरा, तो पुसावा लागतो. आमच्या मित्राचें सुख खरें होतें व त्याला पुरेसें कारणहि होतें: डायलमागचा मंद उजेड, बोटाखालीं फिरणारें तें जड चाक, ज्या हातांनीं ती पेटी बंदरावरून घरीं आणली त्या हातांची आठवण. चूक एवढीच होती कीं, हें सर्व तो ट्रान्झिस्टरांच्या खात्यावर जमा करीत होता. भावावरच्या प्रेमाला त्यानें 'उबदार मध्यसप्तक' असें नांव दिलें होतें. आम्हीं त्याला इतकेंच म्हटलें कीं, जें तूं ऐकत होतास तें पेटींत नव्हतें म्हणून कोठेंच नव्हतें असें होत नाहीं. त्याचें समाधान झालें किंवा नाहीं तें सांगतां येणार नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. सर्वच भेद मनाचे खेळ, असें म्हणावयाचें काय? मुळींच नाहीं. ह्यूमनें अभिरुचीवरील आपल्या १७५७ सालच्या निबंधांत सँको पांझाच्या दोघां आप्तांची गोष्ट घेतली आहे. दोघांनीं एकाच पिंपांतली दारू चाखली. एक म्हणाला, चांगली आहे, पण चामड्याची किंचित् चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची लागते. लोक दोघांनाहि हंसले. पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सांपडली! आमच्या प्रयोगांत अशी किल्ली सांपडली ती पुढच्या खेपेस. दोहोंपैकीं एका रिसीव्हराचा सख्खा भाऊ, म्हणजे त्याच कंपनीचा त्याच क्रमांकाचा, एकानें आणला. त्याला मात्र सगळ्यांनीं चादरीखालूनहि प्रत्येक वेळीं ओळखलें. आमच्या कन्येनेंसुद्धां ओळखलें. त्याचा खर्ज एका बाजूस दुबळा व आवाज एकंदर मऊ, सुस्त. आणलेल्या गृहस्थांचें मत असें कीं, हाच खरा जुन्या काळचा उबदारपणा. कारागिरानें पेटी उघडली तों निम्मे कंडेन्सर वाळलेले. ते बदलल्यावर सर्व उबदारपणा निघून गेला.

निरनिराळ्या कंपन्यांचे दोन रिसीव्हर चादरीखालीं एक झाले, आणि एकाच सांच्यांतले दोन सहज निराळे ओळखूं आले. जुन्या यंत्रांच्या तुलनेंतली मुख्य गोष्ट आमच्या मतें हीच आहे. पन्नास वर्षांच्या वस्तूंची तुलना ही कुळांची तुलना नव्हे, ती आयुष्यांची तुलना आहे. या पेट्यांत जे रासायनिक कंडेन्सर असतात त्यांतला ओलावा काळानें आटतो व त्यांची धारणाशक्ति कमी होते. खुंट्यांच्या आंत मळ बसून खरखर होते आणि कधीं एक बाजू मुकी होते. कोणी मध्येंच ट्रान्झिस्टर बदललेला असतो, तो मूळच्या मेळाचा असतोच असें नाहीं. कोणता दमट समुद्रकांठीं राहिला, कोणता बंद पेटाऱ्यांत, कोणावर कोणत्या हातानें डाख दिला, यावर आजचा आवाज ठरतो. तेव्हां 'मॅरँट्झचा आवाज असा' व 'पायोनियरचा तसा' म्हणणाऱ्यानें आपण १९७५ सालचा कारखाना ऐकत आहों कीं त्यानंतरचा पन्नास वर्षांचा पावसाळा ऐकत आहों, हें आधीं पाहावें.

त्या कारागिराच्या कानाविषयीं आम्हांस विशेष आदर वाटला, व त्याचें कारण सांगण्यासारखें आहे. मिरजेचा तंबोरे करणारा जवारी काढतो तेव्हां तो दोन नादांत जो भेद ओळखतो तो आपल्यापैकीं शेंकडा नव्वदांना कळणार नाहीं. परंतु त्याचें ओळखणें तेथें संपत नाहीं. तो घोडीवरचा दोरा केंसभर सरकवितो आणि नाद खुलतो. खुलला नाहीं तर पुन्हां सरकवितो. त्याच्या कानाला त्याचा हात जाब विचारीत असतो. कंडेन्सर बदलणाऱ्याचेंहि तसेंच. शौकिनाचा कान मात्र शेवटीं विशेषणावर जाऊन थांबतो, आणि विशेषणाला जाब कोण विचारणार?

मग चादर टाकून केलेली परीक्षाच अखेरची, असें ठरवावें काय? शौकिनांतला एक पक्ष तसें म्हणतो. दुसरा म्हणतो कीं, पांच सेकंदांच्या तुकड्यांनीं संगीताची परीक्षा होत नाहीं, महिनोन्महिने ऐकल्यावर जो भेद मनांत उतरतो तोच खरा. आम्हांस दोघांच्याहि म्हणण्यांत अर्धें सत्य दिसतें, पण तें त्यांना वाटतें तेथें नाहीं. प्रामाणिक तुलनेच्या अटी पुन्हां आठवा. तुकडा लहान हवा, कारण ध्वनीच्या पोतांतला सूक्ष्म भेद कान कांहीं सेकंदांपलीकडे धरून ठेवीत नाहीं. तोच तुकडा पुन्हां पुन्हां हवा. ऐकणाऱ्यानें राग, शब्द, लय हीं सारीं विसरून केवळ पोताकडे लक्ष द्यावयास हवें. आतां विलंबित ख्याल डोळ्यांपुढें आणा. षड्जापासून निघून गायक एकेका स्वराला थांबत, मागें वळत, वर चढतो. त्याला जो वेळ लागतो तो वेळ हाच तेथें अर्थ आहे. अर्धा तास वाट पाहिल्यावर तार षड्ज लागतो आणि आपल्या अंगावर जो कांटा येतो, तो त्याच षड्जाचा पांच सेकंदांचा तुकडा चाळीस वेळां ऐकून येणार नाहीं. ज्या अटींवर तुलना विश्वासार्ह होते त्याच अटींवर गाणें नाहींसें होतें. आणि ज्या अटींवर गाणें राहतें त्या अटींवर मन इतक्या गोष्टींनीं भरलेलें असतें कीं यंत्राविषयीं साक्ष देण्याचा त्याचा अधिकार संपतो. हे दोन कान एकाच मनुष्याचे आहेत, पण एका वेळीं एकच उघडा राहतो.

यांत धोका केवळ तर्काचा नाहीं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे पांच रिसीव्हर आहेत. संध्याकाळीं ते एक तबकडी लावतात, दोन मिनिटें ऐकतात, उठून तारा बदलतात, पुन्हां तींच दोन मिनिटें ऐकतात. ती तबकडीहि त्यांच्या आवडीची नव्हे. तींत झांजांचा आवाज परीक्षेला सोयीचा म्हणून निवडलेली. त्यांच्या पत्नी एकदां सहज म्हणाल्या, "आमच्याकडे गाणें रोज सुरू होतें, संपत मात्र कधीं नाहीं." हे गृहस्थ तरुणपणीं रात्र रात्र मैफिलींत बसत, जागेवरून हालत नसत. त्यांचा कान पूर्वींपेक्षां तीक्ष्ण झाला आहे यांत शंका नाहीं. पण त्यांचें गाणें हरवलें आहे, आणि तें हरवल्याचें त्यांना कळलेलें नाहीं, कारण रोज काहींना काहीं वाजत असतें. तुलना ही पाहुणी म्हणून घरांत यावी; ती मालकीण झाली कीं अशी दशा होते.

दुसरा प्रश्न साक्षीचा. आमचा एक जुना विद्यार्थी, नव्यानें संसार मांडलेला, एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम या पेटींत घालावी कीं नाहीं हें विचारण्यास आला. त्यानें आधीं कोणा जाणत्याला विचारलें होतें व जाणत्यानें त्याला विशेषणांची एक मोळी बांधून दिली होती. तो म्हणाला, "सर, मला यांतलें कांहींच ऐकूं येत नाहीं. माझ्या कानांतच कमी आहे कीं काय?" आम्हांस त्या जाणत्याचा राग आला तो या वाक्यामुळें. आपल्या सुखाला मनुष्यानें घरांत कोणतेंहि नांव द्यावें. परंतु तें नांव दुसऱ्याच्या हातीं दाम मोजण्यासाठीं दिलें कीं ती साक्ष होते, आणि साक्षीला शपथ लागते. 'मला हा रिसीव्हर फार प्रिय आहे' हें वाक्य सर्वकाळ निर्दोष आहे. 'याचा आवाज त्याच्याहून गोड आहे' हें वाक्य चादरीखालीं तपासल्यावांचून दुसऱ्याला सांगणें हें न पाहिलेल्या गोष्टीची कोर्टांत ग्वाही देण्यासारखें आहे, मग सांगणारा स्वतः कितीहि भोळा असो. शिवाय त्यानें त्या मुलाचे नुसते पैसेच घालविले नसते. आपल्याला ऐकतांच येत नाहीं अशी त्याची समजूत करून दिली असती. गाण्याच्या बाबतींत ही समजूत एकदां बसली कीं माणूस आयुष्यभर दाराशीं उभा राहतो.

त्या विद्यार्थ्याला आम्हीं जें सांगितलें तें येथें देतों, कारण इतरांनाहि तें उपयोगी पडेल. तीस वॅटचा चांगला दुरुस्त केलेला रिसीव्हर दोन खोल्यांच्या घरास पुरून उरतो. मोठ्या आंकड्यासाठीं अधिक पैसे देऊं नयेत, ते स्पीकरांवर खर्च करावे, कारण तेथें भेद खराच ऐकूं येतो. नांवापेक्षां, आपल्या गांवांत तें यंत्र उघडणारा कारागीर कोण आहे हें आधीं विचारावें. यंत्र जर अमेरिकेसाठीं केलेलें असेल तर तें १२० व्होल्टचें असण्याचा संभव आहे. आपल्या २३० व्होल्टांवर तें थेट लावलें तर सर्व तुलना तेथेंच संपेल. खुद्द जपानांत विकण्यासाठीं केलेलें असेल तर तें १०० व्होल्टचें, आणि त्याचा एफ्. एम्. पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्याकडचीं बहुतेक केंद्रें त्यावर लागणारच नाहींत. विकणाऱ्याच्या घरीं गेल्यावर प्रथम कांहींच न लावतां आवाज वाढवून गुणगुण येते काय तें ऐकावें. प्रत्येक खुंटी टोंकापासून टोंकापर्यंत फिरवून खरखर पाहावी. दोन्ही बाजू सारख्या बोलतात काय तें पाहावें. अर्ध्या तासानें झांकणावर हात ठेवून एकच कोपरा भाजत नाहीं ना, याची खात्री करावी. तो अर्धा तास मोकळाच असतो. तेवढ्यांत विकणाऱ्याजवळ तबकड्या कोणत्या आहेत तें विचारावें, आणि त्यांतली एखादी आवडीची निघाली तर तिची एक बाजू शेवटपर्यंत ऐकून घ्यावी.